वायफाय जोडलंय, पण पत्ता मिळेना: राउटर बदलल्यावर नेमकं बिघडतं काय

नवीन फायबरची लाइन जोडून माणूस निघतो तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ चालू असतो आणि सगळे खूश असतात. तक्रारी त्यानंतर सुरू होतात. आतल्या खोलीतला प्रिंटर ऑफलाइन दाखवतो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर मोबाइलवर दिसायचा बंद होतो. एका कॉम्प्युटरवर नेट पळतं आणि शेजारच्यावर पिवळा त्रिकोण येतो. कुणाच्या तरी फोनवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढीच ओळ दिसत राहते. मग पिन टोचून राउटर रिसेट केला जातो, प्रिंटरवाल्याला बोलावणं जातं, कॉम्प्युटर फॉरमॅट करायची भाषा सुरू होते.

सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या पेढ्या, दवाखाने, दुकानं यांची नेटवर्क मी सांभाळतो. अशा तक्रारींत बहुतेक वेळा उपकरण ठणठणीत असतं. घोळ असतो तो पत्ते वाटण्यात. म्हणून माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: कशालाही हात लावण्याआधी, त्या उपकरणाला या क्षणी कोणता पत्ता मिळालाय तो वाचा. दुखणं कुठलं आहे ते त्या चार आकड्यांवरूनच बरंचसं कळतं.

पत्ता मिळतो कसा

नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता लागतो. १९२.१६८.१.१०५ असा चार आकड्यांचा, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. हा पत्ता हाताने टाकता येतो, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक फोनला कुणी हाताने पत्ता देत बसू शकत नाही. ते काम डीएचसीपी ही व्यवस्था करते. १९९३ साली तिचा पहिला नियम प्रसिद्ध झाला आणि आज चालतो तो मार्च १९९७ मधला. घरातल्या किंवा दुकानातल्या जवळपास प्रत्येक राउटरमध्ये हा पत्ते वाटणारा बसवलेलाच असतो आणि तो चालू स्थितीतच येतो. हे ‘चालू स्थितीतच येतो’ विसरू नका, पुढचा निम्मा गोंधळ त्यातूनच होतो.

फोन वायफायला जोडला किंवा केबल खोचली, की उपकरणाकडे अजून स्वतःचा पत्ता नसतो. ते ०.०.०.० असा रिकामा पत्ता लावून २५५.२५५.२५५.२५५ वर हाक मारतं, म्हणजे त्या नेटवर्कवर असतील तेवढ्या सगळ्यांना विचारतं: पत्ता देणारं कुणी आहे का? वाटणारा उत्तर देतो, हा पत्ता घे. सोबत मास्क (आपलं नेटवर्क कुठवर ते सांगणारे आकडे), बाहेर जाण्यासाठी कुठल्या गेटवेकडे जायचं ते, आणि डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचा, पत्ता देतो. उपकरण म्हणतं, हाच घेतो. वाटणारा म्हणतो, नोंद केली. चार निरोप, आणि बहुतेक वेळा सगळं सेकंदाच्या आत उरकतं.

ही हाक त्या नेटवर्कपुरतीच असते, राउटर ओलांडून ती पलीकडे जात नाही. शिवाय उत्तर देणारा खरा वाटणारा आहे की भलताच, याची उपकरण काही खातरजमा करत नाही. ज्याचं उत्तर आधी आलं, त्याचा पत्ता ते साधारणपणे घेऊन टाकतं.

आणि पत्ता मिळतो तो ठरावीक मुदतीसाठी. सेटिंगमध्ये याला लीज टाइम लिहिलेलं असतं. लॉजवरच्या खोलीसारखा हा हिशोब आहे: पाहुणा चावी खिशात घालून निघून गेला तरी ठरलेली वेळ संपेपर्यंत खोली त्याच्याच नावावर राहते, दुसऱ्याला देता येत नाही. मुदत निम्मी सरली की उपकरण ज्याने पत्ता दिला त्यालाच विचारतं, वाढवून देता का. तिथून उत्तर आलं नाही तर आठातले सात भाग मुदत उलटल्यावर ते पुन्हा सगळ्यांना हाक मारतं. म्हणजे मुदत २४ तासांची असेल तर पहिली विचारणा १२ तासांनी, आणि सगळ्यांना हाक २१ तासांनी.

पत्ता वाचायचा कसा

विंडोजवर सर्चमध्ये सीएमडी शोधून काळी खिडकी उघडा, इंग्रजीत आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि ऑल असं टाइप करून एंटर दाबा. बरंच काही येईल. त्यातल्या आयपीव्ही४ ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर या तीनच ओळी बघा. फोनवर वायफायच्या नावावर दाबलं की तपशिलात पत्ता आणि गेटवे दिसतो. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापून घेता येते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर हाकेला कुणीच उत्तर दिलेलं नाही. अशा वेळी विंडोज किंवा मॅक कॉम्प्युटर स्वतःच या मालिकेतला एखादा पत्ता लावून घेतात. ही मालिका खास त्याच कामासाठी राखून ठेवलेली आहे. हा पत्ता बघून ‘आयपी तर आलाय की’ असं समजणारे पुष्कळ भेटतात, पण त्याचा अर्थ आयपी आलेला नाही असाच आहे. अँड्रॉइड फोन बहुधा असा पत्ता न लावता थोडा वेळ वाट बघतो आणि वायफाय सोडून देतो.

पत्ता आलाय, पण मालिका, म्हणजे पहिले तीन आकडे, भलतीच आहे? म्हणजे नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि कॉम्प्युटरवर १९२.१६८.०.१०३. मग एकतर दुसऱ्याच कुणीतरी पत्ता दिला, नाहीतर जुना पत्ता अजून सुटलेला नाही, नाहीतर कुणीतरी कधीकाळी हाताने टाकून ठेवलाय. मालिकेवरून मूळही ओळखता येतं. जिओफायबरचा डबा सहसा १९२.१६८.२९ ची मालिका देतो. १९२.१६८.१३७ दिसली तर कुणाच्या तरी विंडोज कॉम्प्युटरवर इंटरनेट शेअरिंग चालू राहिलंय, कारण विंडोज त्यासाठी हीच मालिका वापरतं.

आणि मालिका बरोबर, गेटवे बरोबर, तरी नेट नाही, असं असेल तर पत्ता वाटण्याचं काम नीट झालेलं आहे. मग दोष शोधायचा तो डीएनएसमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये. तिथे प्रिंटर-कॉम्प्युटर रिसेट करून काहीही हाती लागणार नाही.

एका नेटवर्कात दोन वाटणारे

मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला बिघाड हाच, म्हणून तो जरा जवळून सांगतो.

मार्केट यार्डातली हळदीची एक पेढी. पुढे दोन कॉम्प्युटर आणि प्रिंटर, मागे गोदाम. पूर्वीच्या ब्रॉडबँडचा राउटर गोदामाच्या भिंतीला होता. नवीन फायबर आलं, त्याचा डबा पुढच्या टेबलाशेजारी बसला. जुना राउटर चांगला होता, गोदामात वायफायही हवं होतं, म्हणून नव्या डब्यातून एक केबल ओढून जुन्या राउटरच्या मोकळ्या पिवळ्या भोकात, म्हणजे लॅन पोर्टमध्ये, खोचली गेली. दिवे लागले, काम झालं असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सौदे चालू असताना एका कॉम्प्युटरवर नेट होतं पण हिशोबपट्टी छापली जात नव्हती. दुसऱ्यावर पट्टी छापली जात होती पण नेट नव्हतं. दिवाणजी दोन्ही कॉम्प्युटर बंद करून चालू करायचे, तर कधी उलटं व्हायचं, कधी दोन्ही चालायचे. त्यामुळे संशय प्रत्येक वेळी वेगळ्याच यंत्रावर जायचा.

पत्ते वाचले तेव्हा चित्र स्पष्ट झालं. पहिला कॉम्प्युटर १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१, म्हणजे नव्या डब्याने दिलेला पत्ता. दुसरा १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१, म्हणजे जुन्या राउटरचा. प्रिंटर १९२.१६८.०.१०१. जुन्या राउटरला बाहेरची लाइनच उरलेली नव्हती, पण त्याचं पत्ते वाटणं चालूच होतं. कॉम्प्युटर चालू करताना ज्याचं उत्तर आधी यायचं त्याच्या मालिकेत तो जायचा. पहिल्याला नेट होतं पण प्रिंटर दुसऱ्या मालिकेत, दुसऱ्याला प्रिंटर सापडत होता पण त्याचा गेटवे बंद लाइनीवर.

दुसरा वाटणारा आहे का, हे ताडायची खात्रीची रीत सोपी आहे. मुख्य राउटरची केबल नेटवर्कमधून काढा. मग कॉम्प्युटरवर त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिगपुढे तिरपी रेघ आणि रिलीज, नंतर तिरपी रेघ आणि रिन्यू असं द्या. तरीही १६९.२५४ सोडून दुसरा एखादा पत्ता आला, तर आत अजून कुणीतरी वाटतंय. डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीतला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक वेळा त्या राउटरचं लॉगिनचं पान उघडतं आणि कंपनीच्या नावावरून तो कुठला डबा ते लक्षात येतं. नाही उघडलं तर स्विच, म्हणजे अनेक केबली एकमेकींना जोडणारा डबा, त्यावरच्या केबली एकेक करून काढायच्या आणि दर वेळी रिन्यू करून बघायचं.

जुना राउटर फक्त वायफायसाठी ठेवायचा असेल तर तो नेटवर्कला जोडण्याआधी एक कॉम्प्युटर थेट त्याला लावा. त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून नव्या मालिकेतला पण वाटपाच्या बाहेरचा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. मग त्याचं डीएचसीपी बंद करा. त्यानंतर नव्या डब्याच्या लॅनमधून केबल आणून जुन्याच्या लॅनमध्ये खोचा आणि त्याचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची लाइन जोडायचं भोक, रिकामा ठेवा. अलीकडच्या बऱ्याच राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नावाचा पर्याय असतो. तो निवडला की डीएचसीपी तो आपणच बंद करतो. अशा मोडमध्ये केबल कुठल्या पोर्टला लावायची ते मात्र त्या राउटरच्या माहितीपत्रकात बघावं.

केबल वॅनमध्ये लावली तरी चालतं, पण मग जुना राउटर आपलं वेगळं नेटवर्क करतो, आणि गोदामातल्या फोनवरून पुढच्या प्रिंटरवर छापायला गेलात तर तो बहुधा यादीत सापडतच नाही. त्यात दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुन्या राउटरच्या पलीकडे काहीच नीट चालत नाही, कारण त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला एकच मालिका येते. तिथे आतल्या राउटरला १९२.१६८.५.१ असा वेगळा लॅन पत्ता द्यावा लागतो.

काल चालत होतं, आज बंद

राउटर बदलला सकाळी आणि कॉम्प्युटर बंद पडला दुसऱ्या दिवशी, असं झालं की राउटरवर कुणाचा संशय जात नाही. पण मुदतीचा हिशोब आठवा. कॉम्प्युटरची केबल स्विचला आहे आणि स्विचची केबल राउटरला. तुम्ही राउटर बदललात तेव्हा कॉम्प्युटर आणि स्विच यांच्यातला दिवा एकदाही विझला नाही. कॉम्प्युटरच्या लेखी काही घडलंच नाही. तो जुना पत्ता धरून बसतो.

नव्या राउटरची मालिका वेगळी असेल तर नेट लगेच जातं, आणि ते एका परीने बरं, कारण दोष तिथल्या तिथे दिसतो. मालिका तीच असेल तर जुन्या पत्त्यावर सगळं चालत राहतं. पण नव्या राउटरच्या वहीत त्या पत्त्याची नोंद नसते. तो तोच पत्ता एखाद्या नव्या फोनला देऊ शकतो, आणि मग एका पत्त्यावर दोन उपकरणं येऊन आलटून पालटून बंद पडतात. बरेच राउटर देण्याआधी तो पत्ता कुणी वापरतंय का हे तपासतात, फोनही तपासतात, पण त्या क्षणी कॉम्प्युटर बंद असेल तर कुणालाच उत्तर मिळत नाही.

म्हणून राउटर बदलल्यावर प्रत्येक उपकरण एकदा बंद करून चालू करा, किंवा त्याची केबल दहा सेकंद काढून परत लावा. फोनवर ते वायफाय ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला असेल तर हे आणखी गरजेचं आहे, कारण फोनला वाटतं आपण ओळखीच्याच नेटवर्कवर आहोत, आणि तो जुनाच पत्ता मागतो. नवा राउटर सहसा त्याला नकार कळवतो आणि फोन नव्याने सुरुवात करतो. काही राउटर मात्र नकार न कळवता गप्प राहतात, आणि फोन वाट बघत बसतो. शिवाय त्या वायफायसाठी फोनमध्ये कुणी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, हाताने टाकून ठेवलेला असेल तर तो नावाशी जोडलेला असतो, राउटर बदलून तो जात नाही.

प्रिंटर, डीव्हीआर, हजेरीचं यंत्र

ही मंडळी वेगळी. यांचा पत्ता बहुतेक वेळा बसवणाऱ्याने हाताने टाकलेला असतो, म्हणजे ती हाक मारतच नाहीत. नवा राउटर कितीही चांगला असला तरी १९२.१६८.०.५० वर बसलेला डीव्हीआर १९२.१६८.१ च्या मालिकेत दिसणार नाही. काही कॅमेरे तर कारखान्यातून येतानाच १९२.१६८.१.६४ किंवा १९२.१६८.१.१०८ असा ठरलेला पत्ता घेऊन येतात. असे दोन कॅमेरे एकदम जोडले की दोघांचा पत्ता एकच होतो.

यात माझं मत ठाम आहे. हाताने पत्ता टाकलेली दहा उपकरणं असतील तर ती दहा बदलत बसू नका. नव्या राउटरचा लॅन पत्ता बदलून जुन्या राउटरचा होता तोच द्या. एका ठिकाणी बदल होतो आणि बाकी सगळं होतं तिथेच राहतं. कंपनीच्या डब्यात हे सेटिंग कुलूपबंद असेल तर कस्टमर केअरला सांगून करून घ्या, नाहीतर त्यामागे आपला राउटर लावा. जुना राउटर काढण्याआधी त्याच्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा: लॅन पत्ता, वाटपाची मर्यादा, राखीव पत्त्यांची यादी. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि नव्याने मांडणी करणार असाल तर पत्ता उपकरणात टाकण्यापेक्षा राउटरमध्ये राखून ठेवा. प्रिंटरचा मॅक, म्हणजे त्याच्यावर किंवा त्याने छापलेल्या कागदावर असलेला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, राउटरच्या रिझर्व्हेशनच्या पानावर टाकला की त्या प्रिंटरला दर वेळी तोच पत्ता मिळतो. पुढे मालिका बदलली तरी फक्त राउटरमध्येच बदल करावा लागतो. प्रिंटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: प्रिंटरला नवा पत्ता मिळाला तरी कॉम्प्युटरमधल्या प्रिंटर पोर्टवर, म्हणजे छपाई कुठे पाठवायची त्या नोंदीत, जुनाच पत्ता लिहिलेला असतो. प्रिंटर ठीक, नेटवर्क ठीक, आणि कॉम्प्युटर मात्र रिकाम्या पत्त्यावर कागद पाठवत राहतो.

मॅकवरून पत्ता राखणं फोनच्या बाबतीत फसतं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन खासगीपणासाठी प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतात. मॅकची यादी करून फक्त ओळखीच्या फोनांना प्रवेश देणारी जी दुकानं आहेत, तिथे फोन बदलल्यावर किंवा वायफायचं नाव बदलल्यावर स्वतःच्याच घरातल्या फोनला प्रवेश मिळेनासा होतो, तो यामुळेच. त्या एका वायफायपुरतं फोनमधलं हे सेटिंग बंद करता येतं.

पत्ते संपले तर

विश्रामबाग भागात अभ्यासिका पुष्कळ आहेत. अशा ठिकाणची तक्रार ठरलेली: सकाळी आलेल्या मुलांचं वायफाय चालतं, संध्याकाळी येणाऱ्यांना पासवर्ड बरोबर टाकूनही जोडता येत नाही.

समजा राउटर १९२.१६८.१.१०० ते १९९ एवढे पत्ते वाटतो, म्हणजे शंभर. मुदत २४ तास. चाळीस खुर्च्या आणि दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर एकशेवीस मुलं येऊन गेली, आणि काहींकडे फोनसोबत लॅपटॉपही. खोलीत एका वेळी चाळीसच जण असले तरी सकाळचे घरी गेलेले फोन आपापले पत्ते अडवून बसलेत. राउटर बंद-चालू केला की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, कारण बऱ्याच राउटरची नोंदवही वीज गेली की पुसली जाते. मग तो आधीच वापरात असलेले पत्ते पुन्हा वाटू लागतो आणि दुसरा घोळ सुरू होतो.

इथे मुदत कमी करणं हा खरा उपाय. दोन तास पुरेत. सोबत वाटपाची मर्यादा २० ते २५० करा. नेहमीच्या २५५.२५५.२५५.० या मास्कमध्ये एकूण २५४ पत्ते वापरता येतात, त्यातले काही प्रिंटर-कॅमेऱ्यांसाठी बाजूला राहिले म्हणजे झालं. घरात मुदत २४ तास असली तरी काही बिघडत नाही. पत्ते वाढवले तरी स्वस्तातल्या राउटरचं वायफाय एका वेळी इतके फोन पेलेलच असं नाही, तेवढं लक्षात असू द्या.

हाकच पोचत नसेल

१६९.२५४ दिसतोय आणि राउटरमध्ये डीएचसीपी चालू आहे, तर हाक वाटेत कुठेतरी अडते. याची एक चाचणी मला सगळ्यांत उपयोगी वाटते. कॉम्प्युटरवर तात्पुरता हाताने पत्ता टाका, राउटर १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२४०, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि काळ्या खिडकीतून राउटरला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का’ असा निरोप पाठवा. उत्तर आलं तर वायर धड आहे, दोष वाटण्यात आहे. नाही आलं तर वाटण्याचा विचारच सोडा आणि वायर बघा. चाचणी झाली की पत्ता पुन्हा ऑटोमॅटिकवर न्यायला विसरू नका.

केबलचा दिवा लागतो म्हणून केबल चांगली, असं धरून चालू नये. जॅकमधली एखादी तार नीट क्रिंप झाली (दाबून बसली) नसेल किंवा गच्चीवरून आलेल्या केबलमध्ये पावसाचं पाणी उतरलं असेल तर दिवा लागतो आणि निरोप गळतात. आधी चांगली पॅच कॉर्ड (तयार मिळणारी छोटी केबल) लावून बघा.

सांगलीत हा प्रश्न पावसाळ्यात विशेष येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ या भागांत पाणी शिरलं. तेव्हापासून पाणी वाढायची बातमी आली की दुकानदार कॉम्प्युटर, स्विच, डीव्हीआर घाईने वरच्या मजल्यावर नेतात, आणि ते योग्यच आहे. पण खाली आणून परत जोडताना केबलींवर खुणा नसतात. राउटरची वॅनची केबल लॅनमध्ये जाते, आणि कधी कधी एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली जातात. साध्या स्विचला हे वेटोळं ओळखता येत नाही. कुणाचीही हाक त्यात फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि मिनिटभरात सगळं नेटवर्क तुंबतं. स्विचचे सगळे दिवे एका लयीत, न थांबता लुकलुकत असतील आणि कुणालाच पत्ता मिळत नसेल तर आधी हे वेटोळं शोधा. सामान उचलण्याआधी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून आकडा लिहिला तर हे टळतं.

लाइट जाऊन आल्यावरचा प्रकार वेगळा. लाइट आली की प्रिंटर आणि स्विच झटकन चालू होतात, फायबरचा डबा आणि राउटर सावकाश उठतात. प्रिंटर हाक मारतो तेव्हा उत्तर द्यायला कुणी जागं नसतं. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहतं, म्हणून कॉम्प्युटर आपोआप सुधारतो, पण काही प्रिंटर आणि हजेरीची यंत्रं एकदा दमली की बंद-चालू करेपर्यंत तशीच राहतात. फायबरचा डबा, राउटर आणि स्विच एका छोट्या यूपीएसवर ठेवले की हा त्रास संपतो.

मोठ्या दवाखान्यांत, कॉलेजांत सेटिंग करता येणारे स्विच असतात. तिथे स्विच बदलल्यावर एखाद्या विभागाला पत्ते मिळेनासे झाले तर बहुधा तो पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर सेटिंगने पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कात, गेलेला असतो. किंवा हाक एका व्हीलॅनमधून वाटणाऱ्यापर्यंत नेणारं रिले नव्या स्विचवर लावायचं राहिलेलं असतं. स्पॅनिंग ट्री ही वेटोळं टाळणारी सोय अशा स्विचमध्ये असते; तिच्या जुन्या पद्धतीत केबल लावल्यावर पोर्ट सुरू व्हायला ३० सेकंद लागतात, आणि तेवढ्यात घाईचं उपकरण हाका मारून थकतं. कॉम्प्युटर-प्रिंटरच्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे पोर्ट लगेच सुरू करणारं सेटिंग, लावलं की ते टळतं.

राउटरलाच पत्ता मिळाला नाही तर

राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅनच्या ओळीत ०.०.०.० असेल तर आतल्या उपकरणांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना आतले पत्ते व्यवस्थित मिळतात, बाहेरची वाट मात्र बंद असते. काही केबल ऑपरेटर पहिल्या राउटरचा मॅक नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्याला पत्ता देत नाहीत. नवा मॅक त्यांना कळवावा लागतो, किंवा राउटरमधल्या मॅक क्लोनच्या पर्यायाने जुन्याचा मॅक लावावा लागतो. लाइन पीपीपीओईची असेल तर तिथे डीएचसीपीचा संबंधच नाही, युजरनेम आणि पासवर्ड टाकावा लागतो, आणि राउटर रिसेट केला की तो पुसला जातो. पिन टोचण्याआधी तो कागद हाताशी आहे का ते बघा.

वॅनचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर तो बिघाड नाही. जाहीर, म्हणजे इंटरनेटवर थेट पोचता येणारे, आयपीव्ही४ पत्ते जगभरात तुटपुंजे पडल्यामुळे कंपन्या एका जाहीर पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात, आणि त्यासाठी ही मालिका २०१२ पासून राखून ठेवलेली आहे. नेट अगदी नीट चालतं. फक्त डीव्हीआर पूर्वी पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेला निरोप राउटरने डीव्हीआरकडे वळवण्याच्या सोयीवर) चालत असेल तर तो बाहेरून दिसणार नाही, कारण बाहेरून येणारा निरोप तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी डीव्हीआर कंपनीच्या ॲपमधली क्लाउडची सोय वापरावी, किंवा नेटच्या कंपनीकडून जादा पैसे भरून स्वतंत्र स्टॅटिक आयपी घ्यावा.